आधी प्रश्न, मग देश : राजारामपुरीतील परदेशी शिक्षण सल्लाकेंद्राचा अनुभव

माझी मुलगी सध्या जर्मनीतील एका सरकारी तांत्रिक विद्यापीठात धातुशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. विद्यापीठाच्या निवडीपासून व्हिसापर्यंतचे सगळे काम आम्ही कोल्हापूरच्या राजारामपुरीतील एका लहान सल्लाकेंद्राच्या मदतीने केले. मुख्य रस्त्यालगतच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत हे केंद्र चालते. ते चालवणाऱ्या मॅडम स्वतः बाहेर शिकून आलेल्या आहेत आणि त्यांच्या हाताखाली दोन मुले कागदपत्रांचे काम बघतात. परदेशी शिक्षणाचा विचार करणाऱ्या कोल्हापुरातील आणि आसपासच्या पालकांना उपयोग व्हावा म्हणून हा अभिप्राय सविस्तर लिहीत आहे.

आपल्याकडे अशी केंद्रे आता भरपूर झाली आहेत. त्यांतील बहुतेक ठिकाणी सल्ला मोफत मिळतो आणि तो मोफत कसा परवडतो हे पालक सहसा विचारत नाहीत. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, आयर्लंड या देशांतील अनेक विद्यापीठे आपल्याकडे विद्यार्थी पाठवणाऱ्या एजंटाला पहिल्या वर्षाच्या फीच्या प्रमाणात कमिशन देतात, आणि मोफत सल्ल्याचा खर्च त्यातून निघतो. यात बेकायदेशीर काही नाही. परंतु जर्मनीतील सरकारी विद्यापीठे बहुतेक राज्यांत फीच घेत नाहीत, त्यामुळे कमिशन देण्याचा प्रश्नच येत नाही, आणि अमेरिकेतील नामांकित विद्यापीठांपैकीही बरीचशी एजंटांमार्फत प्रवेश देत नाहीत. साहजिकच अशी नावे मोफत सल्ल्याच्या यादीत फारशी दिसत नाहीत. राजारामपुरीला जाण्यापूर्वी आम्ही अशाच एका मोफत केंद्रात बसून आलो होतो. तिथे मुलीचे गुण बघण्याआधीच इंग्लंडमधील तीन विद्यापीठांची माहितीपत्रके हातात आली आणि ‘सप्टेंबरचा इनटेक सोडू नका, काका’ असा आग्रह सुरू झाला. तिला काय शिकायचे आहे, हे मात्र कोणी विचारले नाही.

राजारामपुरीच्या केंद्रात पहिल्या भेटीचे १,००० रुपये घेतात आणि पुढे काम सोपवल्यास एकूण ३०,००० रुपये, दोन हप्त्यांत. ज्या विद्यापीठांकडून त्यांना कमिशन मिळते त्यांची यादी ते पहिल्याच दिवशी समोर ठेवतात. विद्यार्थ्याने त्यांपैकी एखादे विद्यापीठ निवडले तर सल्ल्याच्या फीचा दुसरा हप्ता घेत नाहीत, आणि तसे पावतीच्या मागे छापलेले आहे. एवढी स्पष्टता मला दुसरीकडे कुठेही आढळली नाही.

पहिली भेट तासाभराहून अधिक चालली. माझा शिवाजी उद्यमनगरात पॅटर्न, म्हणजे ओतकामाच्या साच्यासाठी लागणारे नमुने, बनवण्याचा छोटा कारखाना आहे, त्यामुळे मुलीचे लहानपण फौंड्रीवाल्यांच्या, म्हणजे धातू ओतून सुटे भाग बनवणाऱ्यांच्या, बोलण्यातच गेले आहे. मॅडमनी तिला विचारले, “तुला बाहेर का जायचं आहे?” तिने सगळ्यांसारखेच उत्तर दिले की तिकडे शिकले की नोकरी चांगली लागते. त्यावर मॅडम म्हणाल्या, “नोकरीचं नंतर बघू. इथं शिकताना तुझं कुठं अडलं ते आधी सांग.” मुलगी थोडी घुटमळली आणि मग तिने आपल्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टची हकिगत सांगितली. शिरोलीच्या एका फौंड्रीत ब्लो होलमुळे, म्हणजे ओतीव भागात वायूमुळे राहणाऱ्या पोकळ्यांमुळे, कास्टिंगचे रिजेक्शन (नाकारले जाणारे नग) वाढले होते. तिच्या गटाने ते का होते हे शोधायचे ठरवले, वाळूचे नमुने आणले, तक्ते केले, गुणही चांगले मिळाले. पण कारण काही हाती लागले नाही. वाळूतली ओल जास्त होती, की वाळूतून वायू बाहेर पडायला वाव नव्हता, की कोअरमधून, म्हणजे साच्यातल्या वाळूच्या गाभ्यातून, गॅस सुटत होता, हे वेगवेगळे करून कसे बघायचे ते तिला कोणी शिकवलेच नव्हते. मॅडमनी हे सगळे एका कोऱ्या कागदावर लिहून घेतले, खाली रेघ मारली आणि म्हणाल्या, “हे जिथं शिकायला मिळेल ते विद्यापीठ आपण शोधायचं. देश कोणता ते त्यानंतर ठरेल.”

पुढचे सगळे काम त्या कागदावरून झाले, आणि या केंद्राबद्दल माझे चांगले मत होण्याचे मुख्य कारणही तेच आहे. परदेशात शिकण्याचे फायदे कुठल्याही माहितीपत्रकात एकाच साच्यातले असतात: जागतिक दर्जाचे शिक्षण, व्यक्तिमत्त्व विकास, उज्ज्वल भवितव्य. त्यातील एकही गोष्ट खोटी नाही, पण आपल्या मुलाच्या बाबतीत त्यांपैकी नेमके काय आणि कसे घडणार, हे त्यावरून कळत नाही. विद्यार्थ्याकडे स्वतःचा एखादा प्रश्न असेल आणि त्या प्रश्नाला उपयोगी पडेल अशी प्रयोगशाळा, ग्रंथालय किंवा मार्गदर्शक दुसऱ्या देशात असेल, तर तिथे जाण्याचा फायदा निश्चित आहे. असा प्रश्न नसताना केवळ ‘बाहेर’ जायचे म्हणून गेलेल्या मुलाला पदवी मिळते, पण त्यासाठी काढलेल्या कर्जाच्या मानाने ती फार महाग पडू शकते.

केंद्र कोणालाही सरसकट परदेशी धाडत नाही, हे मी तिथे बसलेलो असताना पाहिले आहे. इचलकरंजीहून आलेल्या एका गृहस्थांचा मुलगा टेक्स्टाइलचा पदवीधर होता. त्याच्याशी बराच वेळ बोलून मॅडमनी त्याला आधी दोन वर्षे एखाद्या प्रोसेस हाउसमध्ये काम करायला सांगितले आणि तेव्हाही जावेसे वाटले तर पहिल्या भेटीचे पैसे पुन्हा घेणार नाही असे सांगून परत पाठवले. दुसरी एक मुलगी अर्थशास्त्राची होती. तिला एका वर्षात मास्टर्स संपवून घरच्या व्यवसायात यायचे होते, म्हणून तिच्यासाठी ब्रिटन योग्य ठरला. तिथला शिकवणीचा मास्टर्स साधारण एका वर्षाचा असतो, त्यामुळे वर्षभराचा राहण्याचा खर्च वाचतो. मात्र अभ्यासक्रम संपल्यावर काम करण्यासाठी मिळणारी दोन वर्षांची मुदत १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांसाठी १८ महिन्यांवर येणार आहे, हे तिला त्याच वेळी स्पष्ट सांगण्यात आले. अमेरिकेत विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदवीनंतर १२ महिने आणि त्यावर वाढीव २४ महिने काम करता येते, पण फीचा आकडा मोठा असतो. कॅनडाने राहण्याच्या खर्चासाठी दाखवायची रक्कम पूर्वीच्या १०,००० कॅनेडियन डॉलरवरून जानेवारी २०२४ मध्ये २०,६३५ डॉलर केली आणि सप्टेंबर २०२५ पासून ती २२,८९५ डॉलर झाली. असे नियम वर्षावर्षाला बदलतात, आणि ज्या सल्लागाराला चालू वर्षाचा आकडा तोंडपाठ नाही त्याच्याकडे काम सोपवू नये, असे माझे मत झाले आहे.

जर्मनीबद्दल मॅडमनी जी माहिती दिली ती मी नंतर अधिकृत संकेतस्थळांवर पडताळून पाहिली आणि ती बरोबर निघाली. सरकारी विद्यापीठात शिकवणीची फी बहुतेक ठिकाणी नाही, सत्राला थोडे सेमिस्टर शुल्क भरावे लागते. परंतु ‘जर्मनीत सगळे फुकट’ हा समज धोक्याचा आहे. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो भरावे लागतात, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने २०२४ च्या हिवाळी सत्रापासून अशा विद्यार्थ्यांना मास्टर्ससाठी सत्राला साधारण ४,००० ते ६,००० युरो फी लावली आहे. याशिवाय व्हिसासाठी ११,९०४ युरो ‘ब्लॉक्ड अकाउंट’मध्ये आधीच ठेवावे लागतात, म्हणजे १२ लाखांहून अधिक रुपये. ही रक्कम खर्च झालेली नसते. मुलाला तिथे पोचल्यावर महिन्याला ९९२ युरोप्रमाणे तीच परत मिळते आणि त्यातच त्याने खोलीभाडे, आरोग्य विमा आणि जेवण भागवायचे असते. पण ती एकरकमी उभी करावी लागते, आणि मध्यमवर्गीय घराची खरी कसोटी तिथेच लागते.

गुणांचे रूपांतर मॅडमनी आमच्यासमोर कागदावर करून दाखवले. जर्मनीत १.० हा सर्वोत्तम आणि ४.० हा उत्तीर्णतेचा शेवटचा गुणांक असतो. आपली कमाल श्रेणी १०, उत्तीर्ण होण्याची किमान श्रेणी ४ आणि विद्यार्थ्याचा सीजीपीए (सर्व सत्रांची सरासरी श्रेणी) ८ धरला, तर १० मधून ८ वजा करायचे, १० मधून ४ वजा करायचे, पहिल्या उत्तराला दुसऱ्याने भागून ३ ने गुणायचे आणि त्यात १ मिळवायचा, उत्तर २.० येते. अनेक अभ्यासक्रम २.५ पर्यंतच्या विद्यार्थ्यांचा विचार करतात, त्यामुळे मुलीला आपण कुठे बसतो हे दहा मिनिटांत कळले. ज्या विद्यापीठांत तिचा निभाव लागणार नव्हता ती नावे त्याच वेळी कमी झाली, आणि प्रत्येक अर्जाला लागणारे पैसे वाचले. जर्मनीतील विद्यापीठांचे अर्ज स्वीकारणारी ‘युनि-असिस्ट’ ही संस्था पहिल्या अर्जाला ७५ युरो आणि त्याच सत्रातील पुढच्या प्रत्येक अर्जाला ३० युरो घेते. भारतीय विद्यार्थ्यांच्या कागदपत्रांची पडताळणी करणाऱ्या एपीएस प्रमाणपत्राचे १८,००० रुपये वेगळे.

एसओपीचे, म्हणजे हे शिक्षण का घ्यायचे आहे ते सांगणाऱ्या अर्जासोबतच्या निवेदनाचे, काम हा या केंद्राचा सर्वांत चांगला भाग आहे. ते लिहून देत नाहीत, लिहून घेतात. मुलीने पहिला मसुदा नेला तेव्हा त्याच्या सुरुवातीला ‘लहानपणापासून मला विज्ञानाची आवड होती’ अशा अर्थाचे एक सुंदर इंग्रजी वाक्य होते. मॅडमनी त्यावर आणि पुढच्या दोन परिच्छेदांवर पेन्सिलने आडवी रेघ मारली आणि तिसऱ्या पानावरच्या, फौंड्रीच्या वाळूविषयीच्या चार ओळींना चौकट केली. “हे वरती घे. बाकीचं कोणीही लिहील, हे फक्त तूच लिहू शकतेस.” त्यानंतर बरेच मसुदे झाले. शेवटच्या मसुद्यात तिने काय केले, काय सिद्ध करता आले नाही आणि ते शिकण्यासाठी त्या विद्यापीठातील कोणती प्रयोगशाळा आणि कोणते विषय लागतील, एवढेच होते. तो वाचताना माझ्या लक्षात आले की मुलीला स्वतःच्या शिक्षणाबद्दल इतके नेमके लिहिण्याची वेळ चार वर्षांच्या इंजिनिअरिंगमध्ये एकदाही आली नव्हती.

शैक्षणिक कर्जाबाबतचा सल्ला मात्र केंद्राने उशिरा दिला आणि तिथे आमची धावपळ झाली. साडेसात लाखांवरच्या कर्जाला बँका साधारणपणे तारण मागतात. काही बँका निवडक विद्यापीठांसाठी विनातारण कर्ज देतात, आणि वित्तसंस्थांचे विनातारण कर्ज सहज मिळाले तरी त्याचा व्याजदर चढा असतो. आपल्या भागातील बहुतेक कुटुंबांकडे मालमत्ता म्हणजे शेती. सातबारा घेऊन बँकेत गेले की अधिकारी नम्रपणे नाही म्हणतात, कारण थकीत कर्जाचे तारण थेट ताब्यात घेण्याचा अधिकार देणारा २००२ चा सरफेसी कायदा शेतजमिनीला लागू होत नाही, त्यामुळे शेतजमीन तारण घेण्यास बँका राजी नसतात. बिनशेती प्लॉट, घर, फ्लॅट किंवा मुदत ठेव चालते. आमच्याकडे उसाची शेती होती आणि राहते घर वडिलांच्या नावावर. त्यांचे वय आणि वारसांच्या सह्या यांत बराच काळ गेला. ही गोष्ट पहिल्याच भेटीत सांगायला हवी होती. मी तसे मॅडमना बोलून दाखवले, तेव्हा त्यांनी ते मान्य केले आणि आता पहिल्या भेटीच्या कागदावरच ‘तारण काय आहे’ हा रकाना त्यांनी घातल्याचे मला नंतर दिसले. कर्ज घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: जुन्या करप्रणालीत राहिल्यास शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची वजावट आठ वर्षांपर्यंत मिळते.

शिष्यवृत्त्यांची माहिती केंद्र देते, पण त्यांचे अर्ज स्वतः भरून देत नाही. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे आणि ती दरवर्षी ७५ विद्यार्थ्यांना दिली जाते. मराठा आणि कुणबी समाजातील विद्यार्थ्यांसाठी सारथी संस्थेची महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या नावाची शिष्यवृत्ती आहे, आणि सारथीचे उपकेंद्र कोल्हापुरातच आहे. युरोपीय संघाच्या इरास्मुस मुंडुस अभ्यासक्रमात निवड झाल्यास महिन्याला १,४०० युरो मिळतात आणि विद्यार्थी एकाहून अधिक देशांत शिकतो. स्पर्धा तीव्र असते, तरीही ज्याचा प्रश्न स्पष्ट आहे अशा विद्यार्थ्याने तिथे अर्ज करावाच.

शिष्यवृत्तीचा विषय निघाल्यावर कोल्हापूरकराला दोन नावे आठवल्याशिवाय राहत नाहीत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले, तिथून लंडनला पोचले आणि शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. १९२० मध्ये कोल्हापूर संस्थानातील माणगाव परिषद झाली आणि त्याच वर्षी ते पुन्हा लंडनला गेले. त्या काळात राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना आर्थिक साह्य केले. लंडनमध्ये त्यांनी जो प्रबंध पूर्ण केला तो भारताच्या रुपयाच्या प्रश्नावर होता. आपल्या देशाचा प्रश्न बरोबर नेऊन, तिथली ग्रंथालये आणि अभ्यासपद्धती वापरून त्याचे उत्तर शोधण्याचे याहून मोठे उदाहरण मला माहीत नाही. दुसरे नाव डॉ. आनंदीबाई जोशी यांचे. १८८६ मध्ये फिलाडेल्फियातून वैद्यकीय पदवी घेतल्यावर कोल्हापूर संस्थानाने त्यांची नेमणूक आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या, म्हणजे आजच्या सीपीआरच्या, स्त्री-विभागावर केली होती. आजारपणामुळे ते काम त्यांच्या हातून होऊ शकले नाही आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये त्या गेल्या. पण बाहेर शिकलेले ज्ञान इथल्या रुग्णांच्या उपयोगी पडावे, ही त्यामागची दृष्टी आपल्या शहराने त्या काळी दाखवली होती, याचा मला अभिमान वाटतो.

मुलगी तिथे गेल्यावर काय फायदा झाला, हे सांगितल्याशिवाय या सेवेचे मूल्यमापन पूर्ण होणार नाही, कारण केंद्राचा सल्ला बरोबर होता की नाही हे त्यावरूनच ठरते. पहिला फरक अभ्यासाच्या पद्धतीत पडला. तिथे दोन वर्षांच्या मास्टर्सला १२० क्रेडिट असतात, सत्राला ३०, आणि एका क्रेडिटमागे विद्यार्थ्याने २५ ते ३० तास काम करणे अपेक्षित असते. वर्गातले प्रत्यक्ष तास त्याच्या थोड्याच भागाचे होतात. उरलेले सगळे स्वतः वाचून, लिहून, प्रयोग करून भरून काढायचे. हजेरीची सक्ती बऱ्याच व्याख्यानांना नसते. परीक्षेला कधी बसायचे याची नोंदणीही विद्यार्थ्याने स्वतः करायची आणि त्यासाठी तयार आहोत की नाही याचा निर्णयही त्यानेच घ्यायचा. पहिल्या सत्रात तिला हे जड गेले. घरी असताना आई उठवत होती, कॉलेजात सर तारीख सांगत होते. तिथे कोणीच सांगत नाही. दुसऱ्या सत्रात ती स्वतःचे वेळापत्रक स्वतः करू लागली, आणि फोनवरच्या तिच्या बोलण्यातला बदल आम्हाला स्पष्ट जाणवला.

दुसरा फायदा तिच्या मूळ प्रश्नाशीच निगडित आहे. मोल्डिंगच्या वाळूच्या प्रयोगशाळेत तिच्या गटाला ओल, वायू बाहेर जाण्याची क्षमता आणि दाब सोसण्याची ताकद मोजायची होती. उद्यमनगरातले जुने मोल्डर वाळू मुठीत दाबून, मोडून बघतात आणि त्यांचा अंदाज सहसा चुकत नाही. तरी मोजमापाची नोंद नसल्यामुळे तो अंदाज पुढच्या माणसाला देता येत नाही. मुलीच्या गटाने प्रयोग करून अहवाल दिला आणि प्राध्यापकांनी तो परत पाठवला. गटाने एकाच वेळी ओलही वाढवली होती आणि वाळू बांधून ठेवणाऱ्या बेंटोनाइट मातीचे प्रमाणही बदलले होते, त्यामुळे कास्टिंगमधला फरक कशामुळे पडला हे त्या आकड्यांवरून सांगताच येत नव्हते. प्राध्यापकांनी समासात तेवढेच लिहिले होते, रागावले नाहीत, गुणही कापले नाहीत, फक्त पुन्हा करायला सांगितले. एका वेळी एकच गोष्ट बदलून त्यांनी सगळे नमुने नव्याने केले. शिरोलीच्या प्रोजेक्टमध्ये आपले कुठे अडले होते, हे तिला त्या दिवशी कळले आणि तिने रात्री फोन करून मला तासभर ते समजावून सांगितले. माझ्या दृष्टीने आमचा खर्च त्या एका फोनने सार्थकी लावला.

तोंडी परीक्षेचा अनुभवही असाच. समोर प्राध्यापक आणि एक नोंद घेणारा सहायक बसतो, व्याख्या विचारली जात नाही. एखादे बिघडलेले कास्टिंग हातात देतात आणि काय झाले असेल ते विचारतात. उत्तर दिल्यावर लगेच, कशावरून म्हणतेस, असा पुढचा प्रश्न येतो. ‘मला खात्री नाही, पण ते असे तपासता येईल’ हे उत्तर तिथे चालते, किंबहुना ते चांगले मानले जाते. आपल्या मुलांना, विशेषतः मुलींना, वडीलधाऱ्यांसमोर ‘माहीत नाही’ म्हणण्याची भीती वाटते. ती भीती गेली, हा मला पदवीइतकाच मोठा लाभ वाटतो.

तिच्या गटात तुर्कस्तानचा एक मुलगा आहे आणि त्याच्या घरीही फौंड्री आहे. तुर्कस्तानचा हा उद्योग मोठा आहे आणि त्यांच्याही कारखान्यांत रिजेक्शनवरून रोज कोल्हापूरसारखीच डोकेफोड चालते, हे तिला त्याच्याकडून कळले. दोघांनी मिळून वाळूच्या नोंदीचा एक साधा तक्ता तयार केला: प्रत्येक पाळीत ठरलेल्या वेळी नमुना, ओल, ताकद आणि वाळूच्या त्या खेपेतून किती नग नाकारले. माझ्या एका स्नेह्याने आपल्या फौंड्रीत तो भरायला सुरुवात केली आहे. निष्कर्ष काढण्याइतक्या नोंदी अजून झालेल्या नाहीत, पण पाळी बदलताना वाळूवरून होणारे वाद कमी झाले आहेत, असे तो सांगतो. परदेशात शिकण्याचा फायदा शिकणाऱ्यापुरताच राहत नाही, हे मी इथे माझ्या डोळ्यांनी पाहत आहे. तिने तिकडे राहून काही वर्षे काम करावे की यावे हा तिचा निर्णय आहे. तिथे पदवीनंतर नोकरी शोधण्यासाठी १८ महिन्यांचा परवाना मिळतो. विचारले की ती “येणारच की, बाबा” म्हणते, आणि आम्ही त्यावर अधिक बोलत नाही.

अडचणींबद्दलही लिहायला हवे. खोली मिळायला तिला फार त्रास झाला. विद्यार्थी वसतिगृहाची प्रतीक्षायादी लांब असते आणि तिथे अर्ज लवकर करायचा असतो, हे केंद्राने सांगितले होते, परंतु भाड्याच्या नावाखाली आगाऊ पैसे उकळणाऱ्या फसव्या जाहिरातींबद्दल पुरेसे सावध केले नव्हते. सुदैवाने आम्ही पैसे भरले नाहीत. अभ्यासक्रम इंग्रजीत असला तरी दुकानात, दवाखान्यात आणि सरकारी कार्यालयात जर्मन लागते. जाण्यापूर्वी निदान ए२, म्हणजे रोजच्या साध्या बोलण्यापुरत्या, पातळीपर्यंत भाषा शिकूनच जावे. केंद्र जर्मनचे वर्ग घेत नाही आणि त्या बाबतीत त्यांचा आग्रहही कमी पडतो. विद्यार्थ्यांना वर्षात १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येते, पण पहिल्या सत्रात कामाच्या भरवशावर खर्चाचे गणित मांडू नये. हिवाळ्यात दुपारी चारनंतर अंधार पडतो, एकटेपणा येतो, आणि तो दोन-तीन महिने मनावर बसतो. याची कल्पना मुलांना आणि पालकांनाही आधी द्यायला हवी.

केंद्राच्या आणखी दोन उणिवा. फोन वेळेवर उचलला जात नाही. मार्च ते जुलै या काळात तर निरोप ठेवून दुसऱ्या दिवशीच उत्तर मिळते. अमेरिकेच्या संशोधन अभ्यासक्रमांसाठी आणि वैद्यकीय शिक्षणासाठी त्यांचा अनुभव कमी आहे, आणि तसे ते स्वतःच सांगतात. वैद्यकीयचा विचार करणाऱ्यांनी इथे जाऊ नये. अभियांत्रिकी, विज्ञान, अर्थशास्त्र आणि व्यवस्थापन यांसाठी मी कोल्हापूर, सांगली आणि इचलकरंजीच्या पालकांना या केंद्राची निःसंकोच शिफारस करीन.

जर्मनीच्या ऑक्टोबरच्या सत्रासाठी जायचे असेल तर आदल्या वर्षीच्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पहिली भेट घ्यावी, कारण विद्यापीठातून ट्रान्सक्रिप्ट (गुणांचा अधिकृत उतारा) काढणे, आयईएल्टीएस ही इंग्रजीची परीक्षा आणि एपीएस यांतच चार-पाच महिने सहज जातात. आयईएल्टीएसचा निकाल दोन वर्षे ग्राह्य असतो, त्यामुळे ती परीक्षा आधी देऊन ठेवली तरी चालते. भेटीला जाताना सर्व सत्रांच्या गुणपत्रिका, प्रोजेक्टचा अहवाल आणि घराच्या मालमत्तेची कागदपत्रे बरोबर न्यावीत, आणि मुलाला किंवा मुलीला स्वतः बोलू द्यावे. मॅडम पालकांनी दिलेली उत्तरे लिहून घेत नाहीत. केंद्र रविवारी बंद असते, आणि राजारामपुरीत संध्याकाळी गाडी लावायला जागा मिळत नसल्यामुळे सकाळी अकराच्या आसपासची वेळ मागून घेणे सोयीचे पडते.